मालव्यातल्या परसबागेचे वर्ष: उन्हाळ्यापेक्षा पावसाळा जड का जातो?

परसदार_इंदूर

बागकामाची बहुतेक मराठी पुस्तके आणि दिनदर्शिका पुणे, मुंबई, नाशिक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. त्यात गैर काही नाही, पण त्यांच्या भरवशावर इंदुरात बाग करणारा माणूस नको त्या महिन्यात काळजी करतो आणि हव्या त्या महिन्यात निश्चिंत राहतो. उन्हाळा आला की जाळ्या, आच्छादन, दोन वेळचे पाणी, शेजाऱ्यांना किल्ल्या देऊन जाणे असा सगळा बंदोबस्त होतो, आणि जूनमध्ये पहिली सर आली की आता पुढचे देव पाहील म्हणून आपण मोकळे होतो. राजेंद्रनगरला घराभोवतीची काळी जमीन आणि गच्चीवरच्या कुंड्या मिळून माझी जी काही बाग आहे, तिच्यात मे महिन्यात गेलेली झाडे थोडी आणि ऑगस्टमध्ये गेलेली बरीच अधिक. आसपासच्या बागांतही मला हेच दिसत आले आहे. त्यामागची कारणे आणि त्यानुसार मी वर्षाची आखणी कशी करते, हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा.

‘मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण इकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. लोक उत्तरार्ध अभिमानाने म्हणतात. बाग करणाऱ्याचा संबंध मात्र पूर्वार्धाशी येतो. आपली काळी माती अत्यंत बारीक कणांच्या चिकणमातीची आहे. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते. मेअखेरीस जमिनीला हात जाईल इतक्या रुंद भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत आपोआप पडत राहते आणि खालची माती कालांतराने वर येते. म्हणूनच ही जमीन स्वतःला नांगरते असे शेतकरी म्हणतात. उलट पावसाळ्यात हीच माती फुगून आपली सारी छिद्रे मिटवून घेते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि संततधार लागली की या मातीत हवेला जागाच उरत नाही. दोन-चार दिवसांत मुळे कुजू लागतात.

यातला फसवा भाग पुढे आहे. मुळे कुजलेले झाड पाणी वर खेचू शकत नाही, त्यामुळे ते तहानेने कोमेजल्यासारखेच दिसते. ऑगस्टमधली जास्वंद पाहा: पाने मलूल होऊन खाली वळलेली, कळ्या उमलण्याआधीच गळालेल्या, आणि माती वरून दोन दिवसांच्या उघडिपीने सुकून पांढुरकी पडलेली. पाहणारा हमखास तांब्याभर पाणी घालतो आणि झाडाची उरलीसुरली आशा संपवतो. अशा वेळी उदबत्तीची काडी किंवा साधी लाकडी काडी वीतभर आत खुपसावी. ती चिखलाने माखून वर आली, तिला गटारासारखा आंबूस वास आला, तर पाण्याचे नाव काढू नये. कुंडी असेल तर ती आडवी करून पाणी निथळू द्यावे, बुडाची भोके काडीने मोकळी करावीत आणि ती विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी. कुंडीखालच्या बशा तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच काढून ठेवाव्यात.

मे महिना आपल्याला तितका का छळत नाही, याचे कारण उंचीत आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच पठारावर वसले आहे. दुपारी पारा 40 अंशांच्या पुढे जातो, पण सूर्य मावळला की वारा सुटतो आणि रात्री गार होतात. ‘शब-ए-मालवा’ची ख्याती त्याचीच. दिवसा मान टाकलेले झाड रात्री सावरते. शिवाय काळी माती खोलवर ओल धरून ठेवते. म्हणून जमिनीतल्या झाडांना मी उन्हाळ्यात रोज पाणी देत नाही. चार-पाच दिवसांनी पहाटे भरपूर देते आणि बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचा जाड थर ठेवते. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांबून, घाट चढवून 1978 पासून शहरात येते आणि आपल्या नळाला बहुतेक ठिकाणी एक दिवसाआड मिळते. ते अंगणात नळीने उधळणे मला पटत नाही.

आता वर्षाविषयी. माझ्या बागेचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही आणि मृगातही नाही. ते पाऊस परतल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. तोवर हस्ताचा पाऊस होऊन गेलेला असतो, जमीन आतून ओली आणि वरून चालण्याजोगी असते. खुरप्याने माती उकरली की ढेकूळ मुठीत दाबल्यावर फुटते, हाताला लडबडत नाही. हा वाफसा काळ्या मातीत फार थोडे दिवस टिकतो. त्याआधी खणले तर चिखलाच्या विटा होतात, नंतर खणले तर कुदळ आपटते. वर्षातली सगळी खणाखणी मी याच दिवसांत उरकते. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर केली की सहा-सात आठवड्यांनी, ऐन थंडीच्या तोंडावर फुले येतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांचे वाफेही याच वेळी. सकाळी प्राजक्ताचा सडा गोळा करायचा की आधी पेरणी करायची, एवढाच काय तो प्रश्न असतो.

थंडीत बागेला काम कमी आणि मान मोठा. शेवंती, झेंडू, पिटुनिया आपापले पाहून घेतात. कढीलिंब डिसेंबर-जानेवारीत पिवळा पडून पाने गाळतो. तो त्याचा विसावा असतो, त्याला खतपाणी घालून जागे करण्याचा आटापिटा करू नये. मोगऱ्याचे पाणी या दिवसांत मुद्दाम तोडायचे आणि जानेवारीअखेर त्याची जुनी पाने खुडून छाटणी करायची. चैत्रातला बहर त्यावर ठरतो. मात्र मावठा म्हणजे थंडीतला अवकाळी पाऊस झाला, आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिले, की मावा हटकून येतो. कोवळ्या शेंड्यांवर हिरव्या-काळ्या बारीक किड्यांची दाटी दिसली तर आधी पाण्याचा जोराचा फवारा मारावा. तेवढ्याने भागले नाही तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे पाणी मिसळून ते संध्याकाळी फवारावे.

फाल्गुनात पानगळ होते आणि शहरभर पाला जाळण्याची साथ येते. मला ते पाहवत नाही, कारण खताचा अर्धा ऐवज तोच असतो. कंपोस्टच्या बाबतीत तर इंदूरकराने बाहेर कोठे शिकायला जाण्याचे कारणच नाही. 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड यांच्या संचालकत्वाखाली येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आणि तेथे बसवलेली काडीकचरा, शेण, माती व राख यांच्या थरांची पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच जगभर गेली. 1931 मध्ये ती ग्रंथरूपाने मांडताना हॉवर्ड यांचे सहलेखक होते यशवंत वाड. गांधीजी 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले, तेव्हा ही खताची व्यवस्था पाहायला आवर्जून गेले होते. आज त्या आवारात कृषी महाविद्यालय आहे. आपल्या दृष्टीने या पद्धतीतली महत्त्वाची गोष्ट अशी की तीही ऋतू पाहून बदलते: कोरड्या महिन्यांत उथळ खड्डा, म्हणजे ओल टिकते, आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग, म्हणजे पाणी साचून कचरा सडत नाही. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास खालीवर केले, तर तीन महिन्यांत खत तयार होते. फाल्गुनातला पाला लावला की रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत खत हाताशी येते, आणि मी ते सरळ जमिनीच्या भेगांत ओतते. पहिल्या पावसाने भेगा मिटतात आणि खत वीत-दीड वीत खाली, मुळांपाशी पोचलेले असते. यापेक्षा कमी श्रमात काळी जमीन सुधारल्याचे मी पाहिलेले नाही.

एक सूचना आग्रहाने करते. काळी माती हलकी करण्यासाठी तीत थोडी वाळू घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थोड्या वाळूने ही माती हलकी होत नाही. वाळल्यावर ती सिमेंटच्या गिलाव्यासारखी घट्ट बसते. घालायचे तर भरपूर शेणखत आणि पालाखत घालावे, आणि पावसाळी झाडे वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावीत. कुंडीत तर काळी माती चौथाईपेक्षा अधिक नसावी. उरलेल्या भागात खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि विटांचा चुरा पुरतो.

गच्चीवरची_तुळस (इंदूर)

काकू, जमिनीबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, पण सुदामानगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर परिस्थिती नेमकी उलट आहे. आमच्या कुंड्यांत माती जवळजवळ नाहीच, कोकोपीट आणि खतच आहे. जुलैमध्ये आठवडाभर उघडीप पडली की तापलेल्या लाद्या आणि वारा यांमुळे कुंड्या दोन दिवसांत कोरड्या ठणठणीत होतात. कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते आणि आतला गोळा तसाच राहतो. अशा वेळी मी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवते. पावसाळ्यात पाणी घालू नये, असा सरसकट नियम गच्चीसाठी करता येणार नाही.

दुसरे असे की पावसाने खत धुऊन जाते. ऑगस्टमध्ये आमच्या कुंड्यांतली खालची जुनी पाने पिवळी पडतात, ती मुळे कुजल्यामुळे नव्हे तर नत्र वाहून गेल्यामुळे, असा माझा समज आहे. थोडे गांडूळखत घातल्यावर झाड सुधारते.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

लेख आवडला, पण शीर्षकाला आमच्याकडून विरोध नोंदवतो. शब-ए-मालवा आपल्याला लखलाभ असो. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर जाणे ही बातमी राहिलेली नाही आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. नौतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापट नऊ दिवसांत लू (तापलेला कोरडा वारा) चालू झाली की पाने कडेने करपून कागदासारखी होतात, पाणी कितीही घाला. पानांतून जितके उडून जाते तितके मुळे पुरवूच शकत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे पाण्याइतकाच आडोसा महत्त्वाचा. पश्चिमेच्या बाजूला 50 टक्के सावलीची हिरवी जाळी उभी बांधावी लागते. नुसती डोक्यावर बांधून वारा अडत नाही. आमची माती हलकी आहे, त्यामुळे तोंड झाकलेला मातीचा माठ झाडाशेजारी पुरून ठेवण्याची जुनी युक्ती उत्तम चालते. माठ झिरपतो आणि मूळ त्याच्याभोवती जाळे विणते. नवा, न रंगवलेला माठ घ्यावा, एवढेच पथ्य.

आमचा दुसरा वैरी जानेवारी. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री पाला पडतो, म्हणजे दंव गोठते, आणि सकाळी टोमॅटो, मिरची, पपई उकडल्यासारखी काळी पडलेली असतात. अशा रात्रीची चाहूल लागली की संध्याकाळीच जमिनीला पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक धरते आणि रात्री ती हळूहळू सोडते. झाडांवर जुनी साडी किंवा तरट पानांना न टेकेल असे टाकावे, आणि सकाळी ऊन आल्यावर ते काढावे. आमच्या आजीचा नेम असा होता की संक्रांत झाल्याशिवाय केळीची वाळकी पाने काढायची नाहीत. तीच केळीचे पांघरूण असतात.

मांडवीजवळ (बडोदा)

बडोद्याची हवा दमट, त्यामुळे लू आणि पाला हे दोन्ही आम्हांला बेताचेच माहीत आहेत. पाण्याचा अनुभव मात्र आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा माझ्या बहिणीच्या अंगणात पाणी काही दिवस उभे होते. पपई सर्वांत आधी गेली. तिच्या मुळांना दोन दिवसांचे साचलेले पाणीही सोसत नाही. कढीलिंब आणि शेवगा त्यापाठोपाठ गेले. केळी, अळू, कर्दळ आणि नारळ यांना काहीही झाले नाही. अळूने तर पूर ओसरल्यावर पहिल्यापेक्षा मोठी पाने काढली, पण गटाराचे पाणी मिसळलेले असल्यामुळे त्या हंगामात त्याच्या वड्या करण्याचे धाडस कोणी केले नाही.

काकूंच्या मुद्द्याला यातून पुष्टीच मिळते. पूर ओसरल्यावर गाळाचा पातळ थर सुकून जमिनीवर पापुद्र्यासारखा बसला होता. तो हाताने फोडून काढला, तेथील झाडे सावरली. तो तसाच राहिला, तेथील झाडे पाणी गेल्यानंतरही मरत राहिली. त्या काळात खत अजिबात घालू नये, असे मी सुचवेन. जखमी मुळांना ते सोसत नाही.

परसदार_इंदूर

सर्वांचे आभार. लष्करवाल्यांचा विरोध रास्त आहे. हा धागा मी पठारावरच्या काळ्या मातीपुरता लिहिला आहे. ग्वाल्हेर मध्य प्रदेशात असले तरी बागेच्या दृष्टीने ते उत्तरेच्या मैदानातच मोडते. उभ्या जाळीची सूचना आमच्या गच्च्यांनाही लागू पडेल.

तुळसताई, आपला नत्राचा तर्क बरोबर आहे, आणि दोन्हींतला फरक ओळखता येतो. नत्र कमी पडले तर जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात, पण झाड ताठ असते. मुळे कुजली तर पाने हिरवी असतानाच झाड मान टाकते. कुंडीचे वजनही सांगते: उचलून पाहिल्यावर हलकी लागली तर पाणी द्यावे, जड लागूनही झाड मलूल असेल तर हात आवरावा.

लोकमान्यनगरी (इंदूर)

माझे दोन प्रश्न आहेत. आमच्याकडे नळाचे पाणी स्वयंपाकापुरतेच पुरते, बागेला बोअरचे घालावे लागते. अनंत आणि गुलाब यांची नवी पाने पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. कुंड्यांच्या कडेला पांढरा थर जमतो. खत वाढवूनही फरक नाही.

दुसरा प्रश्न शेवंतीचा. त्याच फुटव्यांपासून केलेली रोपे शेजारच्या वहिनींकडे दिवाळीनंतर फुलांनी लगडली, आणि माझ्याकडे जानेवारी आला तरी नुसती हिरवीगार वाढत आहेत. खत तेच, माती तीच, ऊनही भरपूर.

परसदार_इंदूर

पहिला प्रश्न लोहाचा आहे. आपल्या मातीत चुनखडी आणि बोअरच्या पाण्यात क्षार. दोन्ही मिळून मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि मातीत असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. झाडातले लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहसा जात नाही, म्हणून कमतरता कोवळ्या पानांवर आधी दिसते. हिराकस (फेरस सल्फेट) घालण्याचा सल्ला मिळेल, पण अशा मातीत त्यातले लोह लवकरच पुन्हा बांधले जाते. चिलेट स्वरूपातले, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले लोह अधिक टिकते. कायमचा उपाय म्हणजे पावसाळ्यात गच्चीचे पाणी पिंपात धरून अनंतासारख्या नाजूक झाडांसाठी राखणे आणि वर्षातून एकदा कुंडी त्या पाण्याने चांगली धुऊन काढणे, म्हणजे साचलेले क्षार बुडातून वाहून जातात. पावसाळ्यावर एवढी टीका केल्यावर हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

शेवंतीबाबत मलाच एक विचारायचे आहे. कुंड्या ठेवल्या आहेत तेथे रात्री दिवा लागतो का? शेवंतीला कळी धरायला मोठी आणि अखंड अंधारी रात्र लागते. पावसाळा संपून रात्री लांबू लागल्या की ती कळीवर येते, पण रस्त्याचा किंवा व्हरांड्याचा दिवा तिच्यावर पडत राहिला तर तिच्या दृष्टीने रात्र झालेलीच नसते आणि ती पाने काढत राहते.

लोकमान्यनगरी (इंदूर)

काकू, कुंपणाबाहेरच्या खांबावर गेल्या पावसाळ्यात नवा पांढरा एलईडी दिवा बसला आहे आणि तो थेट त्याच कोपऱ्यावर पडतो. वहिनींच्या कुंड्या घराच्या मागे आहेत. कुंड्या आजच हलवते.

परसदार_इंदूर

अवश्य हलवा, पण आता रात्री लहान होत जातील, त्यामुळे यंदा थोडीच फुले मिळतील. फुलल्यानंतर बुंध्यापासून छाटा, फेब्रुवारीत येणारे फुटवे मुळांसकट वेगळे करून लावा, पावसाळ्यात शेंडे खुडत राहा म्हणजे रोप भरगच्च होईल, आणि ऑगस्टपासून कुंड्या दिव्याआड ठेवा. हेच पॉइनसेटियालाही लागू आहे.

गच्चीवरची_तुळस (इंदूर)

जाता जाता: सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत थंडीत गरमागरम तळलेला गराडू (एक प्रकारचा कंद) खाताना दरवर्षी मनात येते की हा वेल घरी होईल का? गच्चीवर जमेल का?

परसदार_इंदूर

जमेल, पण कुंडी नको; सिमेंटचे मोठे पोते किंवा पिंप घ्या, कारण कंद खोल जातो आणि वेडावाकडा वाढतो. बुडाला भोके भरपूर ठेवा, कारण ज्या पावसात वेल वाढतो त्याच पावसात साचलेल्या पाण्याने कंद सडतो. मृगाच्या सुमारास लावायचा, वेलाला कठड्यावर किंवा दोरीवर चढवायचे आणि थंडीत पाने पिवळी पडून वेल वाळला की काढायचा. लावण्यासाठी देठाकडचा तुकडा घ्या, तो मधल्या तुकड्यांपेक्षा लवकर कोंब धरतो. कापलेल्या बाजूला राख चोळून दोन दिवस सावलीत सुकवा. अडचण एवढीच की जूनमध्ये बाजारात गराडू शोधून मिळत नाही. तेव्हा आत्ताच, भाजीवाल्याकडे आहे तोवर, एक चांगला अखंड कंद घेऊन वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा, आणि घरात सर्वांना बजावून ठेवा की तो तळायचा नाही.